मामांचा हॅपलेस

आमचे मामा रस्त्याने चाललेल्या माणसाला हात धरून थांबवत आणि त्याच्या तोंडातला शब्द दुरुस्त करत. ओळख असण्याची गरज नव्हती. भोकरदनच्या बाजारात कुणी शेतकरी आपल्या लंगड्या बैलाला वैतागून "मनहूस हाये साला" म्हणाला की मामांची पिशवी खाली टेकलीच म्हणून समजा. "मनहूस कसा? त्यानं कुणाचं वाईट केलं? पाय त्याचा मोडला, तू बिलकुल धडधाकट उभा हायेस. तो बदनसीब हाये. बराबर शब्द बोल." शेतकरी आधी मामांकडे बघायचा, मग बैलाकडे, आणि कासरा ओढून निघून जायचा. मी भाजीची टोपली घेऊन शेजारी उभी असायची. पाय भाजायचे, कोथिंबीर माना टाकायची, आणि मामा पाठमोऱ्या माणसाला अजून अर्थ समजावून सांगत असायचे.

असा माणूस ज्यांच्या घरात होऊन गेला त्यांना माझं म्हणणं कळेल. बाहेरचे लोक अशा माणसाला विद्वान म्हणतात. बाहेरच्यांचं काय जातं? त्यांना त्याच्याबरोबर बाजारात जावं लागत नाही.

तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं आणि शाळेत सगळं शिक्षण उर्दूतून चाले. मामा तिथल्या मिडल शाळेत इंग्रजी शिकवत. घरी मराठी, शाळेत उर्दू आणि पोटासाठी इंग्रजी, अशा तीन भाषांमध्ये त्यांचा दिवस जायचा. अंगात शेरवानी, तिची वरची गुंडी कायम तुटलेली, आणि बोटांना खडू. गाव त्यांना 'इंग्रजी मास्तर' म्हणे. मागून काय म्हणे ते मला माहीत आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एवढ्या मोठ्या इंग्रजी भाषेतला त्यांचा एकच लाडका शब्द होता, हॅपलेस. क्रमिक पुस्तकातल्या एका धड्यात वादळात सापडलेल्या वाटसरूला तो लावलेला होता. दुसरा मास्तर असता तर उर्दू अर्थ सांगून पुढच्या ओळीवर गेला असता. मामा तिथेच मुक्काम ठोकत. "समजा, एक माणूस बाजारातून चाललाय. वरून कौल पडलं ते त्याच्या डोक्यात. तो माणूस हॅपलेस. आता आजूबाजूचे काय म्हणतात? हा इथून चालला म्हणून कौल पडलं. तसं म्हणणाऱ्याला गाढव म्हणतात, तो शब्द तुम्हाला येतो." पोरं हसायची. पुढच्या वर्षी तीच पोरं खालच्या वर्गातल्यांना सांगायची की मास्तरांचं कौल अजून पडायचंय.

वापराबद्दल तर ते फारच काटेकोर. "'अनलकी'चा भरवसा नाही," असं म्हणायचे. "तो दोन्हीकडून बोलतो. माणूसही अनलकी आणि आकडाही अनलकी. हॅपलेस तसा नाही. आकडा कधी हॅपलेस होत नाही. मांजर आडवं गेलं म्हणून हॅपलेस होत नाही, त्याला कुणी दगड मारला तरच होतं. आणि हा शब्द म्हणताना जीभ मऊ पाहिजे." मग ते दिवसभर जीभ मऊ करून फिरायचे. दोर तुटून विहिरीत पडलेला पोहरा हॅपलेस, ओला चिंब झालेला टपालवाला हॅपलेस, मामीच्या हातून करपलेली भाकरी हॅपलेस. "भाकरी करपली न्हाई, तुमचं बोलनं ऐकता ऐकता मीच करपले," असं मामी चुलीपुढून म्हणायची.

या सगळ्याचं कारण मी होते. माझा जन्म घनसावंगीकडच्या एका खेड्यातला. मी जन्मले आणि आई बाळंतपणात गेली. पुढे वर्षाच्या आत वडील पटकीने गेले, आणि चुलत्याच्या गोठ्यातली बैलजोडीही त्याच साली गेली. तिन्ही मरणं माझ्या खात्यावर पडली. पांढऱ्या पायाची, असं चुलतीने माझं बारसंच केलं म्हणा ना. आमच्याकडे पेरणीच्या दिवशी तिफणीच्या चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या नरसाळ्यात, बियाण्याची पहिली मूठ घरची सवाष्ण धरते. त्या दिवशी माझी सावली बियाण्यावर पडू नये म्हणून चुलती मला कडब्याच्या खोलीत कोंडून ठेवायची. पीक चांगलं आलं तर ते मला कोंडल्यामुळे, आणि बुडालं तर मी खोलीत रडले म्हणून. अशाच एका पेरणीला मामा भेटायला आले, भाची कुठे म्हणून विचारलं, आणि रडण्याचा आवाज ऐकून कडी काढली. चुलत्याशी ते काय बोलले मला आठवत नाही. मला उचलून बैलगाडीत बसवलं आणि भोकरदनला आणलं, एवढं आठवतं.

मामा-मामींना मूल नव्हतं. ते माझ्या येण्याआधीपासूनच नव्हतं, तरी गल्लीतल्या बायकांनी तेही माझ्याच पायांवर टाकलं. मामीचं उत्तर सोपं असे. "पोरीचे पाय मी रोज धुते. कसे हायेत ते मला म्हाईत." एवढं बोलून ती दार लावून घ्यायची आणि विषय संपायचा. मामांचा मात्र तिथून सुरू व्हायचा. ते दार उघडून त्या बाईला बोलावून घ्यायचे आणि मनहूस कुणाला म्हणावं, बदनसीब कुणाला, इथून आरंभ करायचे. जी गोष्ट चार घरांना माहीत होती ती अशा रीतीने सगळ्या गावाला माहीत झाली.

शाळेतही त्यांनी तेच केलं. तपासणीला मोठे साहेब आले होते. त्यांनी वर्गाला हॅपलेसचा अर्थ विचारला. एका पोराने उठून "मनहूस" म्हणून सांगितलं. साहेब "शाबाश" म्हणाले. आता साहेबांनी शाबासकी दिल्यावर मास्तरने मान डोलवायची असते, हे फळा पुसणाऱ्या शिपायालासुद्धा कळत होतं. आमचे मामा पुढे झाले. "गुस्ताखी माफ, साहब. मनहूस नहीं, बदनसीब." साहेबांचा चेहरा उतरला. मामांनी बाजारातला माणूस, कौल आणि गाढव हे सगळं साहेबांना उर्दूतून ऐकवलं. हेडमास्तरची जागा तेव्हा रिकामी होती आणि ती मामांना मिळणार असं जो तो म्हणत होता. ती बाहेरून आलेल्या एका तरुणाला मिळाली. मामीने दोन दिवस चूल पेटवली नाही. मामा आपले खुशीत. "पण त्या पोराला बराबर अर्थ कळला," असं म्हणत त्यांनी कोरडे मुरमुरे खाल्ले.

इथपर्यंत मला हसू येतं. माझ्या लग्नाचं निघालं तिथून पुढे मात्र आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

पहिले पाहुणे जवळच्याच गावचे होते. मुलगा बरा, घर खाऊनपिऊन सुखी. मामीने शिरा केला, मला आपली हिरवी साडी नेसवली. मी खाली मान घालून बसले, त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं, पाहुण्यांची बाई समाधानाने हसली. एवढ्यात मामा मांडी बदलून म्हणाले, "एक गोष्ट तुमच्या कानावर घालतो. हिला लोक पांढऱ्या पायाची म्हणतात." मामीच्या हातातला तांब्या हातातच राहिला. "आता आपण त्या शब्दाचा अर्थ बघू," मामा म्हणाले. पाहुण्यांना अर्थात रस नव्हता. त्यांनी शिरा तसाच ठेवला आणि काढता पाय घेतला. मामा त्यांच्या बैलगाडीबरोबर वेशीपर्यंत चालत गेले, अर्थ सांगत.

दुसऱ्या वेळी तेच झालं. फक्त या वेळचे पाहुणे शिरा खाऊन उठले. मामी म्हणाली, "तुमी मास्तर हायेत का दवंडीवाले? लोक घरातलं झाकून ठिवतेत, तुमी भर बैठकीत मांडून राह्यले." मामा म्हणाले, "झाकायला तिनं काय चोरी केली?" मामीने कपाळाला हात लावला. मी आत जाऊन हिरवी साडी फेडली आणि घडी न घालताच पेटीत कोंबली.

तिसऱ्या वेळी मामीने डोकं चालवलं. पाहुणे यायच्या दिवशी तिने मामांना जालन्याला पाठवून दिलं, चष्म्याची काडी बसवून आणा म्हणून. ती काडी मामीनेच आदल्या दिवशी मोडली होती. बैठक चुलतमामांनी चालवली. सगळं कसं लोण्यासारखं झालं. सोयरीक जुळली, सुपारी फोडायचा दिवससुद्धा ठरला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी चुलीपुढे गुणगुणले असेन. मामा परत आले, त्यांनी सगळं ऐकलं, आणि विचारलं, "त्यांना सांगितलं का?" मामी चुलीतली लाकडं सारू लागली. त्यांनी नवी काडी बसवलेला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आल्या पावली पाहुण्यांच्या गावाला निघाले. सोयरीक मोडूनच परत आले.

त्या दिवशी मी मामांसमोर पहिल्यांदा तोंड उघडलं. "मामा, तुमाला माझ्यापेक्षा तुमचा शब्द मोठा हाये. जलमभर तुमच्या दारात बसू का मी?"

"बस की. कोन उठवून राह्यलं?" मामा म्हणाले. मग बराच वेळ ते खडूने पांढरी झालेली बोटं चोळत राहिले. "मी झाकीन गं पोरी. आज झाकीन. तुजं लगीन हुईल, तू नांदायला जाशील. वर्साभरानं तिथं एखादी म्हैस मरंल. मंग कुनीतरी तुज्या चुलत्याच्या गावाहून खबर आनंल. मास्तरनं फशिवलं म्हनतील. म्हशीचं मरनं तुज्या पदरात बांधतील. त्या वक्ताला तिथं तुज्या बाजूनं बोलायला कोन? मी तर इथं फळ्यापुढं. त्यापरीस ज्याला पळायचं त्यानं आजच पळावं."

घरात मामा असे खेड्यातल्या बोलीत बोलत ते फक्त फार हलले म्हणजे. मला ते कळलं. त्यांचं म्हणणंही पटलं. पण म्हणणं पटलं म्हणून राग जातो असं कुठे आहे? माझ्या बरोबरीच्या मुली कडेवर लेकरं घेऊन माहेरपणाला यायला लागल्या होत्या. मी मामांशी बोलणं बंद केलं. जेवायला वाढायची, पाणी द्यायची, पण बोलायची नाही. मामा माझ्याऐवजी मांजराशी बोलत. ते त्यांना हॅपलेस वाटे.

शेवटी सोयरीक आली ती मामांच्या या कीर्तीवरच आली. जांब समर्थाच्या पलीकडच्या एका गावचे एक शेतकरी कापूस घेऊन जालन्याच्या बाजाराला आले होते. तिथे त्यांनी ऐकलं की भोकरदनला एक मास्तर आहे, तो आपल्याच भाचीच्या सोयरिकी मोडत फिरतो. असला माणूस बघायलाच पाहिजे म्हणून ते आले. हेच पुढे माझे सासरे झाले. येताना मुलाला आणि बायकोलाही घेऊन आले. मामांनी सगळं सांगितलं. आई, वडील, बैलजोडी, कडब्याची खोली, मग उर्दूतले शब्द, मग इंग्रजीतला. सासरे तळहातावर तंबाखू मळत ऐकत होते. मामा दम घ्यायला थांबले तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, झालं का? आता पोरीला भाकरी टाकू द्या. भूक लागली."

मामीने तिथेच देवाला हात जोडले. पण मामांचं झालं नव्हतं. सुपारी फोडायला चार माणसं जमली, अडकित्ता पुढे आला, आणि मामांनी त्यावर हात ठेवला. लोकांना वाटलं, आता मानपानाचं काही काढतात. मामा म्हणाले, "पोरीच्या पायगुणाची गोष्ट तुमच्या उंबऱ्याच्या आत कधी निघणार नाही. काहीही झालं तरी. हे आधी या सगळ्यांसमोर म्हणा, मग सुपारी." बैठकीत कुजबुज झाली. असली अट कुणी ऐकली नव्हती. एक म्हातारे उघडच म्हणाले की असं बोलून मास्तरच अपशकुन करून राह्यलेत. माझी होणारी सासू पदराआडून नवऱ्याला नको नको म्हणून खुणावत होती. दाराआडून मी मामांकडे इतक्या रागाने बघत होते की नजरेने माणूस जळत असता तर मामा तिथेच जळाले असते. सासऱ्यांनी तंबाखू गालात धरली. "म्हनलो," ते म्हणाले. "पंचासमोर म्हनलो. फोडा आता."

लग्न झालं. माझी गाडी निघायच्या वेळी बायका डोळे पुसत होत्या. शेजारची एक म्हातारी आपली सवयीने म्हणाली, "लई कपाळकरंटी गं लेकरू." मामांनी ते ऐकलं. झालं. ते तिच्याकडे वळले आणि कपाळकरंटी म्हटलं की दोष कसा कपाळावर, म्हणजे त्या पोरीवरच जातो, हे तिला समजावू लागले. गाडी हलली. मी मान वळवून बघत होते. सगळे माझ्याकडे तोंड करून हात हलवत होते आणि माझे मामा तेवढे पाठमोरे होते. वेस ओलांडेपर्यंत त्यांचा हवेत हलणारा हात दिसत होता. मी रागाने रडले. सासरच्या बायकांना वाटलं, माहेरच्या आठवणीने रडतेय.

सासरी माझं बरं चाललं. सासू तोंडाची फटकळ, पण उपाशी ठेवणारी नव्हती. मला मुलगा झाला. मग संस्थान मोडायच्या आधीचं ते धामधुमीचं वर्ष आलं. रस्ते बंद, बाजार बंद, कोण कुठून येईल याचा नेम नाही. भोकरदनची खबर येईनाशी झाली. त्याच वर्षी आमच्या कडब्याची गंजी पेटली, आणि ती धुमसत असतानाच माझा मुलगा तापाने गेला. चालायला लागला होता. औषध आणायला नवरा निघाला होता, तो अर्ध्या वाटेतून परत आला, कारण पुढे जाऊ देत नव्हते.

मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. बाहेर सासू चुलीपाशी होती. तिचा आवाज आला, "तरी मी म्हनत व्हते. त्या मास्तरनं सवताच्या तोंडानं सांगितल्तं, आन् तुमी..."

"बास," सासऱ्यांचा आवाज ओसरीवरून आला. "सुपारीला काय कबूल केल्तं?"

"पर नातू गेला ना वं माझा!"

"तुजा नातू गेला. तिचं तर पोटचं गेलं. पुन्यांदा त्या गोष्टीचं नाव काढायचं न्हाई. जाय, तिच्यापाशी बस."

मग सासू आत आली. माझ्याजवळ बसली. थोड्या वेळाने तिने माझं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं आणि आम्ही दोघी रडलो. त्या घरात त्या दिवशी काय होऊ शकलं असतं ते मला चांगलं माहीत होतं. कडब्याच्या खोलीची कडी मी विसरले नव्हते. मांडीवर डोकं ठेवल्या ठेवल्या मनात एकच आलं, मामांना सांगायला पाहिजे. त्यांच्यावर इतकी वर्षं धरलेला राग घेऊन जायचं आणि त्यांच्यापुढे ठेवायचा.

रस्ते मोकळे झाले आणि पहिल्या गाडीने मी भोकरदनला गेले. मामी अंगणात सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. तिच्या कपाळाकडे बघितलं आणि मी दारातच थांबले. मामा पावसाळ्याच्या तोंडाशी गेले होते. साधा ताप. निरोप धाडला होता म्हणे, तो पोचलाच नाही.

मी मामीजवळ बसले. मामांना सांगायचं ते सगळं तिला सांगितलं. गंजी, मुलाचा ताप, चुलीपाशी सासू काय बोलली, ओसरीवरून सासरे काय बोलले. मामीचं सूप थांबलं होतं. माझं सांगून झाल्यावर तिने ज्वारीतला एक खडा वेचून अंगणात फेकला.

"म्हंजे बराबर निघाले म्हन की तुजे मामा," ती म्हणाली.

"हो."

"जलमभर मी त्यांच्यासंगं भांडले. तुज्या सोयरिकी मोडल्या म्हनून भांडले, हेडमास्तरकी घालवली म्हनून भांडले. मरायच्या आठ दिवस आदी बी भांडले." मामीने हातातलं सूप बाजूला आपटलं. "आन् आता बराबर निघाले व्हय! मंग मी आता भांडू कुनासंगं?"

मलाही तेच विचारायचं होतं.